खानदेशच्या पाण्यावर जुन्या युरोपीय शैलींची बिअर कशी करावी

क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे लहान ब्रुअरीत केलेल्या बिअरच्या, रसिकांची आवड आता एका ठरावीक दिशेला वळू लागली आहे. आंबा, कॉफी, चॉकलेट, मिरची अशा चवी घातलेल्या बिअर चाखून झाल्यानंतर हा रसिक पुन्हा जुन्या गोष्टींकडे येतो आणि नीट केलेली पिल्सनर, ताजी हेफेवायझेन किंवा गडद रंगाची साधी लागर (थंडाव्यात आंबवून मुरवलेली बिअर) मागतो. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही लहान ब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून महाराष्ट्रातल्या एका पिढीला ताज्या बिअरची चव कळत गेली, आणि त्या पिढीत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला गेलेले जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारचे कितीतरी तरुण आहेत. गावी परतल्यावर तीच बिअर आपल्या भागात, आपल्या माणसांच्या हातून झालेली मिळावी अशी त्यांची इच्छा असते, आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते. खानदेशात परवाना घेऊन लहान ब्रुअरी उभारू पाहणाऱ्यांसाठी आणि अशा ब्रुअरीत जाऊन बिअरची पारख करू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

सुरुवातीलाच कायद्याची बाजू स्पष्ट करतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरच्या स्वयंपाकघरात हौस म्हणून केलेली बिअरही त्यातून सुटत नाही. त्यामुळे पुढे दिलेली कृती राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आणि अन्नसुरक्षेचा परवाना हातात असलेल्या जागेसाठीच आहे. पिणाऱ्यालाही राज्यात मद्यसेवनाचा परवाना लागतो आणि सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. परवान्याच्या अटी आणि शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून यंत्रांची मागणी नोंदवण्यापूर्वी जिल्हा कार्यालयात जाऊन त्या वेळचे नियम लेखी समजून घ्यावेत.

पाणी आधी, शैली नंतर

नवा ब्रुअर बहुतेक वेळा शैलीच्या नावापासून सुरुवात करतो. आपल्याला पिल्सनर करायची आहे असे तो ठरवतो आणि मग पाण्याचा विचार करतो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शैलीचा जन्म तिच्या गावच्या पाण्यातून झाला आहे. बोहेमियातल्या प्लझेन गावचे पाणी इतके मृदू आहे की त्यात लिटरमागे कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि म्हणूनच तिथे फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) व साझ जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपण आणि वास देणारी फुले) यांची नाजूक बिअर साधली. इंग्लंडमधील बर्टन गावच्या पाण्यात सल्फेट लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या पुढे जाते, त्यामुळे तिथली पेल एल (एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) कोरडी आणि धारदार कडवट झाली. म्युनिक, लंडन आणि डब्लिन या शहरांच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त होते. असे पाणी फिकट माल्टबरोबर जमत नाही, पण भाजलेल्या माल्टमधल्या आम्लतेने त्याचा तोल सावरतो, म्हणून त्या शहरांत गडद डुंकल, पोर्टर आणि स्टाउट वाढल्या. त्या काळच्या ब्रुअरांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. जे पाण्याला मानवले ते टिकले.

आता आपल्याकडचे पाणी पाहू. जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते, तापीकाठच्या अनेक गावांना तापीचे, आणि जिथे नळाचे पाणी पुरत नाही तिथे बोअर किंवा विहीर. धरणाचे पाणी तुलनेने सौम्य असले तरी ते वर्षभर सारखे नसते. पावसाळ्यात ते पातळ आणि गढूळ होते, तर मे महिन्यात साठा आटल्यावर त्यातले क्षार घट्ट होतात. बेसॉल्टच्या खडकातून आणि तापीच्या गाळातून येणारे बोअरचे पाणी बहुतांश ठिकाणी जड असते. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, त्या पाण्यावर पिल्सनर होणार नाही एवढे स्वयंपाकघरातूनही सांगता येते.

मात्र अंदाजावर थांबू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि ती एकदाच न करता हिवाळ्यात, मे महिन्यात आणि पावसाळ्याच्या मध्यावर अशी तीन वेळा करावी. अहवालात एकूण कठीणपणा, अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड आणि सल्फेट हे आकडे असायला हवेत. पाणी ‘पिण्यायोग्य’ असल्याच्या शेऱ्यावर समाधान मानू नये, कारण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असली तरी दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सूट आहे, आणि ६०० चे पाणी प्यायला चालले तरी फिकट बिअरला चालत नाही.

ब्रुअरच्या दृष्टीने यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा अल्कलिनिटीचा, म्हणजे आम्लता मारण्याच्या पाण्याच्या ताकदीचा, आहे. मॅश करताना, म्हणजे भरडलेले माल्ट गरम पाण्यात मुरवताना, मिश्रणाचा पीएच ५.२ ते ५.६ दरम्यान राहावा लागतो. अल्कलिनिटी जास्त असेल तर पीएच वर जातो, स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी विकरे मंदावतात, माल्टच्या सालीतले तुरट पदार्थ उतरतात आणि बिअरच्या शेवटच्या घोटाला जिभेवर खरखरीतपणा येतो. यावर सोपा उपाय म्हणजे आरओचे पाणी आणि मूळ पाणी यांचे मिश्रण. बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी लिटरला ३०० मिलिग्रॅम आणि आरओ पाण्याची १५ धरली, तर निम्मे-निम्मे मिसळल्यावर ती सुमारे १६० होते आणि त्यावर पोर्टर चांगली जमते. एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ घेतले तर ती ८५ च्या आसपास येते. त्यात थोडे खाद्य दर्जाचे लॅक्टिक ॲसिड घालून गव्हाची बिअर करता येते. पिल्सनरसाठी मात्र सगळे पाणी आरओचे घ्यावे लागते आणि त्यात कॅल्शियम वेगळे घालावे लागते. १,००० लिटर पाण्याला सुमारे १८० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट घातले की लिटरला साधारण ५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. प्लझेनच्या पाण्यापेक्षा हे जास्त आहे, तरी यीस्ट नीट खाली बसण्यासाठी आणि बिअर स्वच्छ होण्यासाठी ते उपयोगी पडते. कॅल्शियमसाठी जिप्सम वापरायचे असेल तर तेही खाद्य दर्जाचेच घ्यावे. कृषी केंद्रात पोत्याने मिळणारे जिप्सम यासाठी नसते.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन विसरून चालणार नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यासाठी क्लोरीनची मात्रा वाढते आणि त्याचा माल्टमधल्या फिनॉलशी संयोग झाला की बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. तो एकदा आला की कोणत्याही उपायाने जात नाही. आरओच्या आधी कार्बन फिल्टर बसवणे आणि तो वेळेवर बदलणे एवढेच त्यासाठी पुरते.

इथे एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. लहान ब्रुअरीत एक लिटर बिअरसाठी धुण्या-पुसण्यासह पाच-सहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते आणि आरओतून टाकून दिले जाणारे पाणी त्याशिवाय असते. ज्या भागात एप्रिल-मेमध्ये गावोगावी टँकर फिरतात, तिथे हे पाणी गटारात सोडणे योग्य नाही. आरओचे नाकारलेले पाणी वेगळ्या टाकीत साठवून फरशी आणि क्रेट धुण्यासाठी वापरावे. उकळलेला वर्ट (मॅश गाळून मिळालेला गोड रस) थंड करताना गरम होणारे पाणी पुढच्या बॅचच्या मॅशसाठी राखून ठेवावे; त्यातून पाणी आणि इंधन दोन्ही वाचते. पावसाळ्यात छतावरचे पाणी गोळा करून गाळण्याची सोय केली तर आणखी चांगले, कारण ते पाणी जवळजवळ क्षारविरहित असते.

उष्णतेचे गणित

बव्हेरियात १५५३ मध्ये एक फर्मान निघाले आणि २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास मनाई झाली, कारण उन्हाळ्यात केलेली बिअर हमखास नासत असे. मार्चमध्ये थोडी जड बिअर करून ती तळघरात साठवायची आणि उन्हाळाभर पुरवायची, ही मेर्त्सन शैलीमागची कल्पना. ज्या उन्हाळ्याला बव्हेरियाने एवढी धास्ती घेतली, तो आपल्या जानेवारीतल्या दुपारपेक्षा फारसा कडक नसावा. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. लागरचे यीस्ट ८ ते १२ अंशांवर काम करते आणि नंतर ती बिअर शून्याच्या आसपास चार ते सहा आठवडे मुरावी लागते. बाहेर ४५ आणि टाकीत १ अंश, हा फरक दिवसरात्र टिकवण्याचा खर्च ब्रुअरीच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.

कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात म्युनिकच्या ब्रुअरीसाठी यांत्रिक शीतकरण सिद्ध केले आणि तेव्हापासून लागर कुठेही करणे शक्य झाले. त्यामुळे खानदेशात ती करता येते की नाही हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न नियोजनाचा आहे. ग्लायकॉल चिलर (टाक्या थंड ठेवणारे यंत्र) निवडताना विक्रेता ३५ अंशांच्या हवेतली क्षमता सांगत असेल, तर ४६ अंशांत ती किती उरते हे लेखी विचारावे, कारण हवा जितकी तापलेली तितकी चिलरची ताकद कमी होते. कंडेन्सर पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. वीज गेल्यावर चिलर आपोआप जनरेटरवर जाईल अशी व्यवस्था हवी. किण्वनाच्या पहिल्या तीन दिवसांत यीस्ट स्वतःच उष्णता सोडते आणि त्या काळात तासाभराचा खंडही टाकीचे तापमान चढवतो. धुळे-जळगावच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० अंशांच्या खाली उतरतात. तेव्हा चिलरवरचा ताण सर्वांत कमी असतो आणि लागरच्या टाक्या भरण्यासाठी तोच काळ राखून ठेवावा.

कोणत्या शैलीपासून सुरुवात करावी

पहिली बॅच हेफेवायझेनची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ही बव्हेरियाची गव्हाची बिअर असून जर्मन नियमानुसार तिच्यात किमान निम्मे माल्ट गव्हाचे असावे लागते. तिची ओळख म्हणजे पिकलेल्या केळीचा आणि लवंगेचा वास, आणि हे दोन्ही वास यीस्ट स्वतः तयार करते. केळीचा वास आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या एस्टरचा असतो आणि प्रत्यक्ष पिकलेल्या केळीतही प्रामुख्याने तेच रसायन असते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; रावेर-यावलच्या माणसाला हा वास कोणी शिकवावा लागत नाही, उलट तो इतका ओळखीचा आहे की कमी-जास्त झाल्याचे इथल्या ग्राहकाला लगेच कळेल. मात्र त्याच कारणाने टाकीत खरी केळी घालण्याचा मोह होईल, आणि तो टाळावा. केळी घातलेली बिअर ही वेगळी वस्तू आहे. ती करायची असेल तर वेगळ्या नावाने करावी. हेफेवायझेन मागणाऱ्याला यीस्टने घडवलेला वासच हवा असतो.

कृती अशी: ५०० लिटरच्या बॅचला साधारण १०० किलो माल्ट लागते, त्यात ६० किलो गव्हाचे आणि ४० किलो पिल्सनर माल्ट घ्यावे. मॅश प्रथम ४४ अंशांवर १५ ते २० मिनिटे धरावा. या टप्प्यात फेरुलिक आम्ल सुटते आणि पुढे यीस्ट त्याचेच लवंगेच्या वासात रूपांतर करते. मग तापमान ६५-६६ अंशांवर नेऊन तासभर ठेवावे आणि शेवटी ७६ अंशांवर नेऊन गाळावे. गव्हाला साल नसल्यामुळे गाळताना लगदा बसून जातो. त्यासाठी माल्टच्या पाच टक्क्यांपर्यंत भाताचा स्वच्छ तूस धुऊन, उकळून मिसळावा. तो नवापूरकडच्या भातगिरणीतून आणता येतो. हॉप्स अगदी कमी, म्हणजे १० ते १५ आयबीयू (कडवटपण मोजण्याचे एकक) एवढेच कडवटपण येईल इतके घालावेत. किण्वन १७ अंशांवर सुरू करून २० पर्यंत चढू द्यावे. यीस्ट थोडे कमी घातले आणि तापमान थोडे वर ठेवले की केळी पुढे येते, उलट केले की लवंग. २४ च्या वर गेले तर केळीऐवजी नेलपॉलिशचा उग्र वास येऊ लागतो. ही बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते आणि ताजीच चांगली लागते, त्यामुळे टाकी लवकर मोकळी होते. नव्या ब्रुअरीला हा फार मोठा आधार आहे.

दुसरी शैली म्हणून मी सेझों सुचवेन आणि खानदेशाच्या दृष्टीने मला तीच सर्वांत जवळची वाटते. बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागातल्या, विशेषतः एनो प्रांतातल्या शेतांवर हिवाळ्यात ही बिअर करून ठेवत आणि हंगामात कामावर येणाऱ्या मजुरांना ती देत. शेतात पिकेल ते धान्य तिच्यात जात असे. जव, गहू, ओट, स्पेल्ट यांपैकी काहीही. तिचे यीस्ट उष्णता सोसते आणि २५ ते ३२ अंशांवर उत्तम काम करते, त्यामुळे मे महिन्यात चिलरवर सर्वांत कमी भार टाकणारी शैली हीच. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला होणारी दादर ज्वारी या बिअरमध्ये घातली तर शैलीच्या मूळ वृत्तीला जराही धक्का लागत नाही, कारण आपल्या शेतातले धान्य वापरणे हीच तिची परंपरा आहे. प्रमाण १५ ते २० टक्के ठेवावे. ज्वारीचा स्टार्च जवापेक्षा जास्त तापमानाला, ७० अंशांच्या पुढे फुलतो, म्हणून भरडलेली दादर थोड्या जवाच्या माल्टसह वेगळ्या भांड्यात हळूहळू उकळीपर्यंत न्यावी, २०-३० मिनिटे शिजवावी आणि मगच मुख्य मॅशमध्ये मिसळावी. कच्ची ज्वारी थेट ६५ अंशांच्या मॅशमध्ये टाकली तर साखर मिळत नाही आणि बिअर गढूळ होते.

सेझोंबाबत एक धोका गांभीर्याने घ्यावा. तिच्या अनेक यीस्टमध्ये डायस्टॅटिकस प्रकारचा गुण असतो; इतर यीस्टला न पचणाऱ्या साखरसाखळ्याही ते खाऊन टाकते. म्हणून ही बिअर इतकी कोरडी होते. पण तेच यीस्ट नळीतून किंवा गॅस्केटमधून हेफेवायझेनच्या केगमध्ये (बिअर साठवण्याच्या पिंपात) पोहोचले तर ती बिअर केगमध्येच पुन्हा आंबू लागते, पातळ होते आणि नळातून नुसता फेस येतो. सेझोंसाठी नळ्या, गॅस्केट आणि नमुना घेण्याचे नळ वेगळे ठेवावेत, त्यांवर रंगीत पट्टी लावावी आणि ते दुसऱ्या कामाला कधीही वापरू नयेत.

ज्यांना पाण्यावर फार प्रक्रिया करायची नाही त्यांनी पोर्टर किंवा ड्युसेलडॉर्फची आल्टबिअर निवडावी. दोन्ही एल यीस्टच्या आहेत आणि गडद माल्ट अल्कलिनिटी झेलते. भारतीय ग्राहक गडद रंग पाहून बिअर जड आणि अधिक मादक असेल असे समजतो. प्रत्यक्षात पाच टक्क्यांची पोर्टर तितक्याच अल्कोहोलच्या फिकट बिअरइतकीच मादक असते, हे ग्राहकाला छोटा नमुना देऊन दाखवावे. बेल्जियन विटबिअर आपल्याकडे आधीच लोकप्रिय आहे. हुखार्दन गावात १९५७ मध्ये बंद पडलेली ही शैली पियेर सेलिस यांनी १९६६ मध्ये पुन्हा सुरू केली. न मोड आणलेला गहू, धणे आणि संत्र्याची साल एवढाच तिचा मसाला असल्यामुळे आपल्या बाजारात सगळे मिळते. मात्र साल वाळवलेली आणि आतला पांढरा भाग काढलेली असावी आणि धणे उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांतच घालावेत.

कोलोनची कोल्श ही पिल्सनरकडे जाण्याची पायरी म्हणून फार उपयोगी आहे. एल यीस्टने १५ ते १८ अंशांवर आंबवायची आणि मग दोन-तीन आठवडे शून्याजवळ मुरवायची, म्हणजे लागरचा स्वच्छपणा निम्म्या वेळात मिळतो. कोलोनच्या २४ ब्रुअरींनी १९८६ मध्ये करार करून या नावाचे नियम ठरवले आणि युरोपीय संघातही हे नाव संरक्षित आहे. जळगावच्या केळीच्या मानांकनाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण दुसऱ्या गावच्या नावाचाही मान राखावा आणि फलकावर ‘कोल्श धर्तीची’ असे लिहावे.

पिल्सनर सर्वांत शेवटी घ्यावी. रसिक तिलाच सर्वाधिक मागतात, पण ती करायला सर्वांत अवघड आहे. प्लझेनच्या नागरिकांनी १८३८ मध्ये खराब बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली, गावाने नवी ब्रुअरी बांधली, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल यांना बोलावले आणि ५ ऑक्टोबर १८४२ रोजी तिथे सोनेरी लागरची पहिली बॅच झाली, असा तिचा इतिहास सांगतात. या बिअरमध्ये दोष लपवायला जागा नाही. फिकट पिल्सनर माल्टचा वर्ट ९० मिनिटे झाकण न ठेवता उकळावा, नाहीतर डीएमएस या गंधकयुक्त पदार्थामुळे उकडलेल्या मक्याचा वास राहतो. यीस्टचे प्रमाण एलच्या दुप्पट ठेवावे. किण्वन ९-१० अंशांवर करून ते संपत आले की तापमान दोन-तीन दिवस १५-१६ वर न्यावे, म्हणजे लोण्यासारखा वास देणारे डायअसेटिल यीस्ट स्वतःच शोषून घेते. त्यानंतर दिवसाला एक-दोन अंश उतरवत शून्याजवळ आणावे आणि किमान पाच आठवडे हात लावू नये. एवढ्या काळात त्याच टाकीतून हेफेवायझेनच्या दोन-तीन बॅच निघाल्या असत्या. हा तोटा आधी मान्य करून त्याप्रमाणे किंमत ठरवावी, कारण तीन आठवड्यांत घाईने काढलेली पिल्सनर ग्राहकाला या शैलीपासूनच दूर नेते.

कच्चा माल सांभाळणे

भारतात जव प्रामुख्याने राजस्थान, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात होते आणि देशी माल्ट पोर्टर, विटबिअर, सेझोंला व्यवस्थित चालते. पिल्सनर आणि हेफेवायझेनला मात्र सुरुवातीला जर्मन किंवा बेल्जियन माल्ट घ्यावे, म्हणजे चूक झाल्यास ती पाण्याची की पद्धतीची हे तरी कळते. माल्टची पोती जमिनीपासून उंच फळ्यांवर, बंद आणि कोरड्या खोलीत ठेवावीत. पावसाळ्यात त्यांना सोंडे किडे लागायला वेळ लागत नाही. हॉप्स हवाबंद पाकिटात फ्रीजरमध्येच ठेवावेत. द्रव यीस्ट एप्रिल ते जून या काळात कुरियरने मागवू नये, कारण गोदामात किंवा गाडीत तापलेले पाकीट पोहोचेपर्यंत त्यातल्या पेशी मेलेल्या असतात. या महिन्यांत कोरडे यीस्ट वापरावे.

उरलेला माल्टचा चोथा दुभत्या जनावरांसाठी चांगला पूरक आहार आहे, परंतु आपल्या हवेत तो दुसऱ्या दिवशी आंबतो आणि त्यावर बुरशी धरते. ब्रूच्या दिवशीच तो उचलून नेईल असा पशुपालक आधी ठरवून ठेवावा आणि शिळा चोथा कोणालाही देऊ नये.

पेला आणि ताट

बिअर किती थंड द्यावी यावर आपल्याकडे एकच उत्तर असते, आणि ते बदलायला हवे. बर्फाळ बिअरला वास नसतो. पिल्सनर ५ ते ७, हेफेवायझेन ७ ते ८ आणि पोर्टर १० ते १२ अंशांवर द्यावी. प्रश्न एवढाच की आपल्या उन्हाळ्यात अर्धा लिटरचा पेला निम्मा होईपर्यंत कोमट होतो. कोलोनचे लोक कोल्श २०० मिलिलिटरच्या सरळ, बारीक पेल्यातून पितात आणि तो संपला की दुसरा ताजा घेतात. ही पद्धत मार्चपासून जूनपर्यंत सर्वच बिअरसाठी स्वीकारावी. पेले शेवटी आरओच्या पाण्याने खंगाळावेत. जड पाण्याचे पांढरे डाग आणि साबणाचा अंश राहिला तर फेस उभा राहत नाही.

जेवणाशी जोडी लावताना तिखटाचा विचार आधी करावा. हॉप्सचे कडवटपण मिरचीचा जाळ वाढवते, म्हणून काळ्या मसाल्याच्या शेवभाजीबरोबर कडवट पेल एल देऊ नये. तिथे माल्टचा गोडवा असलेली डुंकल किंवा पोर्टर शोभते. नंदुरबारच्या मिरचीच्या ठेच्याबरोबर आणि कळण्याच्या भाकरीबरोबर हेफेवायझेन छान लागते, कारण तिच्यात कडवटपण नगण्य असते आणि गव्हाचा मऊपणा तोंड शांत करतो. सेझोंच्या कोरडेपणामुळे तूप घातलेल्या बट्टी-वरणाचा जडपणा हलका होतो. पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याच्या भरतासाठी मात्र मला बाम्बर्गची राउखबिअर सर्वांत योग्य वाटते. ती बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची असते आणि भरतातला धूर व बिअरमधला धूर एकमेकांना उचलून धरतात. ज्या ब्रुअरीने दोन-तीन शैली पक्क्या केल्या असतील तिने हिवाळ्यात, भरताच्या वांग्यांच्या हंगामात, धुरी माल्ट ३० टक्के घेऊन तिची एक बॅच अवश्य करावी.

ग्राहकासमोरच्या फलकावर शैलीच्या नावाशेजारी बॅच कधी केली ती तारीख, अल्कोहोलचे प्रमाण आणि कोणते पाणी वापरले याची एक ओळ लिहावी. रसिकानेही पहिला नमुना मागताना ही तारीख विचारावी: हेफेवायझेन सहा आठवड्यांहून जुनी असेल तर दुसरे काही घ्यावे आणि पिल्सनर पाच आठवड्यांहून कमी मुरलेली असेल तर थोडे थांबून पुन्हा यावे. बिअरला उकडलेल्या मक्याचा, लोण्याचा, ओल्या पुठ्ठ्याचा किंवा औषधाचा वास आला तर ब्रुअरला बाजूला बोलावून तो वास कोणता हे नेमके सांगावे, कारण ‘आवडली नाही’ एवढ्यावरून त्याला काहीच दुरुस्त करता येत नाही आणि नेमका वास कळला तर चूक उकळण्यात झाली, मुरवण्यात झाली, साठवणुकीत झाली की कार्बन फिल्टरमध्ये, हे तो त्याच दिवशी शोधू शकतो. परतीच्या प्रवासासाठी न पिणारा चालक ठरवूनच घरून निघावे.